उपाशी ठेवून जगवलेली मुलं

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या रुग्णालयात बारा वर्षांचा एक मधुमेही मुलगा होता. आजारात त्याची दृष्टी गेली होती. खाणं काट्यावर तोलून मिळत होतं, तरी लघवीतली साखर काही हटेना. बरेच दिवस कानावर हात ठेवल्यावर अखेर त्याने कबूल केलं, की तो टूथपेस्ट खात होता. शिवाय हौसेने मागून घेतलेल्या कॅनरी पक्ष्याच्या पिंजऱ्यातले दाणेही! डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही हकिकत १९१९च्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. तो मुलगा वाचला नाही.

इन्सुलिनच्या आधी मुलांचा मधुमेह म्हणजे बहुधा महिन्यांचा, फार तर एक-दोन वर्षांचा खेळ. जुने डॉक्टर साखर आणि पिठूळ पदार्थ तोडत, पण चरबी सढळ हाताने देत. त्यातून रक्तात आम्ल साचे आणि मूल बेशुद्ध होऊन जाई. अ‍ॅलन यांनी सगळंच खाणं आवळलं. आधी लघवी साखरमुक्त होईपर्यंत कडकडीत उपास, मग एकेक घास वाढवत शरीराला सोसेल तिथवर. भाज्या तीनदा पाणी बदलून उकडत, म्हणजे त्यातलं उरलंसुरलं पिष्टही निघून जाई. कोंडा धुऊन त्याचे केक करत. पोट भरल्याचा आभास, बाकी काही नाही. बोस्टनचे इलियट जॉस्लिन यांनीही हीच वाट धरली.

एलिझाबेथ ह्यूज ही चार्ल्स इव्हान्स ह्यूज या बड्या राजकारण्याची मुलगी. १९१९मध्ये अकराव्या वर्षी ती अ‍ॅलनकडे आली, तेव्हा वजन सुमारे ३४ किलो. तीन वर्षं तिने पथ्य असं पाळलं की मोठ्यांनी हात टेकावेत. ऑगस्ट १९२२मध्ये ती टोरंटोला इन्सुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बॅंटिंग यांच्यापुढे उभी राहिली, तेव्हा वजन होतं जेमतेम वीस किलो. त्याच वर्षीच्या जानेवारीत तिथे चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं होतं. काही आठवड्यांत एलिझाबेथच्या ताटात दिवसाकाठी दोन हजारांवर कॅलरी आल्या. पाव आला! ती १९८१पर्यंत जगली.

अ‍ॅलन यांना निर्दयी म्हणणं आज सोपं आहे. पण त्यांच्याजवळ विकण्यासारखी एकच गोष्ट होती, वेळ. आणि एलिझाबेथला तो पुरला. तितक्याच निष्ठेने पथ्य पाळून वर्षभर आधी गेलेल्या मुलांची नावं मात्र कुणी घेत नाही.

इन्सुलिन आलं, पण तराजू काही स्वयंपाकघरातून गेला नाही. १९३६मध्ये डेन्मार्कच्या हागेडोर्न यांनी दीर्घकाळ काम करणारं प्रोटामिन इन्सुलिन आणलं. सुया कमी झाल्या, पण मूल घड्याळाला जखडलं गेलं. औषध एकदा आत गेलं की भूक असो वा नसो, ठरल्या वेळी ठरलेलं खायचंच, नाहीतर साखर उतरून चक्कर.

याच्या उलट सूर ब्रेस्लाऊच्या (आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) कार्ल श्टोल्टे या बालरोगतज्ज्ञाने १९२९च्या सुमाराला लावला होता. मुलांना इतर मुलांसारखं जेवू द्या आणि लघवी तपासून मुख्य जेवणांआधी इन्सुलिन द्या, असं त्यांचं म्हणणं. मोठ्यांवर उपचार करणारे जर्मन डॉक्टर त्यांच्यावर तुटून पडले. त्यांची बाजू अगदीच खोटी नव्हती, कारण परीक्षानळीत उकळून पाहिलेला रंग रक्ताची खबर काही तासांनी द्यायचा. श्टोल्टे यांचा विचार साधनांच्या फार पुढे होता.

ती साधनं घरी रक्तशर्करा मोजण्याच्या यंत्रांनी दिली. १९९३मध्ये अमेरिका-कॅनडातल्या १,४४१ रुग्णांवरच्या डीसीसीटी अभ्यासाने दाखवलं, की दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेऊन साखर काटेकोर राखली तर डोळे, मूत्रपिंडं आणि नसांची हानी पुष्कळ टळते. त्यानंतर मुलाने काय खायचं नाही यापेक्षा ताटात कर्बोदकं किती आहेत हे मोजायचं, आणि इन्सुलिन त्याप्रमाणे घ्यायचं, ही पद्धत रुळली.

आपल्याकडे मोजणीचं घोडं ताटातच अडतं. हिशेबाचं सोयीचं माप पंधरा ग्रॅम कर्बोदकांचं. पाकिटातल्या पावावर आकडा छापलेला असतो, पण पोळीवर नसतो. वीसेक ग्रॅम कोरड्या पिठाचा फुलका त्या मापात बसतो. आजीची घडीची पोळी त्याच्या दुप्पटही भरते. म्हणून आहारतज्ज्ञ आईवडिलांना आधी कणकेचा गोळा तोलायला लावतात आणि भातासाठी घरातली एकच वाटी ठरवून देतात.