नाव बदललं की कागद हरवतो: शिया, मोह आणि धाराशिव

आज दप्तरात शोध कसा घ्यायचा त्याबद्दल, एका झाडाच्या निमित्ताने.

पश्चिम आफ्रिकेत शिया नावाचं झाड आहे. त्याच्या बिया भाजून, कुटून, पाण्यात घुसळून बायका खायचं लोणी काढतात. 1352 मध्ये मालीला निघालेल्या इब्न बतूताने वाटेत असं तेल देणारं झाड पाहिलं. अभ्यासक ते शियाच मानतात. हाच गृहस्थ त्याआधी आपल्या दौलताबादला येऊन गेला होता. पुढे मुंगो पार्कने 1799 च्या प्रवासवर्णनात शियाबद्दल लिहिलं आणि झाडाला 'बासिया पार्की' नाव पडलं.

आता आपला मोह बघा. त्याचं जुनं शास्त्रीय नाव 'बासिया लॅटिफोलिया'. म्हणजे एकेकाळी दोघांची प्रजाती एकच धरली जायची! आज मोह 'मधुका' झाला, शिया 'व्हिटेलारिया'. कूळ अजून एकच, चिकूचं. त्यामुळे जॉर्ज वॉटच्या 1889 पासून निघालेल्या कोशात 'मधुका' शोधाल तर चुकाल. मोह तिथे 'बासिया'खाली आहे.

दुसरी अडचण जागेची. समजा, तुम्हाला धाराशिव जिल्ह्यातल्या मोहाचा इतिहास हवाय. मुंबई सरकारचा 1878 चा अबकारी कायदा आणि ठाणे-कुलाब्यात मोहफुलांवर बंधनं घालणारा 1892 चा कायदा सगळे वाचतात. पण धाराशिवचा भाग 1853 ते 1860 इंग्रजांकडे होता, मग 1948 पर्यंत निजामाकडे. मुंबईच्या त्या फायलींत तो सापडणार कसा? 'तिथे मोह नव्हता' असा निष्कर्ष काढू नका. आपण फक्त चुकीचं दप्तर उघडलंय. हैदराबादचे उर्दू कागद बघा, आणि जिल्ह्याचं नाव 'नळदुर्ग', 'उस्मानाबाद' असंही शोधा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. सरकारला रस होता फुलात, कारण दारूवर महसूल मिळायचा. बियांचं तेल घरी खायला नि दिव्याला वापरलं जायचं. त्यावर अबकारी नव्हती, म्हणून अबकारी कागदांत ते जवळजवळ नाही. ते काढणाऱ्या बायकांचे कष्टही मग इतिहासातून गळतात.

म्हणून अभिलेखागारात जाण्याआधी दोन याद्या करा: झाडाची सगळी नावं आणि गावाची सगळी नावं. आणि प्रत्येक कागदाला विचारा, हा कुणी, कशासाठी लिहिला?