उष्ण देशातून बर्फाच्या मैदानाकडे

बऱ्हाणपूर जिल्ह्यातील शाहपूर हे गाव मध्यप्रदेशात मोडते. परंतु खानदेशाची सीमा जवळ असल्यामुळे तेथील पुष्कळ घरांतून मराठीच ऐकू येते. भोवताली ताप्तीच्या खोऱ्यातील केळीच्या बागा आणि वैशाखातले अंग भाजून काढणारे ऊन. अशा गावच्या मुलाला बर्फ भेटते ते उसाच्या रसाच्या पेल्यात किंवा गोळेवाल्याच्या रंध्यावर. बर्फावर उभे राहून कोणी खेळ खेळत असेल, त्या खेळाच्या जागतिक स्पर्धा भरत असतील आणि त्यांत आपल्यासारख्या उन्हाच्या देशातील तरुणही उतरत असतील, ही गोष्ट त्याला प्रथमदर्शनी अद्‌भुत वाटावी यात नवल नाही. परंतु या खेळांचा इतिहास पाहिला, म्हणजे हे अद्‌भुत पुष्कळसे समजण्याजोगे होते.

उदाहरणासाठी कर्लिंग हा खेळ घ्यावा. त्याचे मूळ स्कॉटलंडचे. तेथील गोठलेल्या तळ्यांवर गुळगुळीत दगड घसरवीत नेऊन ठरलेल्या खुणेजवळ थांबविण्याची चढाओढ चाले. स्कॉटलंडमध्ये सापडलेल्या अशा एका दगडावर १५११ हे साल कोरलेले आहे. आज हा दगड ग्रॅनाइटचा असून त्याचे वजन सुमारे वीस किलोपर्यंत असते, आणि उत्तम दगडांसाठी ग्रॅनाइट येते ते स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळील एल्सा क्रेग या लहानशा बेटावरून. बर्फाची पट्टी सुमारे पंचेचाळीस मीटर लांब असते. एका बाजूचा खेळाडू दगड सोडतो आणि त्याचे दोन सोबती हातात कुंचे घेऊन दगडापुढील बर्फ जोराने घासत धावतात. घासल्याने बर्फाचा पृष्ठभाग किंचित ऊबदार होतो, घर्षण घटते आणि दगड अधिक दूर व अधिक सरळ जातो. म्हणजे वरवर पाहता झाडलोट वाटणारी ही क्रिया वास्तविक मोठ्या हिशेबाची आहे. दोन्ही बाजूंना चार चार खेळाडू आणि आठ आठ दगड. ज्याचा दगड वर्तुळाच्या मध्याशी अधिक जवळ, त्याच्या बाजूस गुण. आपली चूक पंचाने दाखविण्यापूर्वी खेळाडूने स्वतःच सांगावी, असा या खेळाचा जुना शिष्टाचार आहे.

१८३८ साली एडिंबरो येथे या खेळाची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. चार वर्षांनी राणी व्हिक्टोरिया स्कॉटलंडच्या दौऱ्यावर गेली असता तिला हा खेळ दाखविण्याचा बेत ठरला. परंतु बर्फाचा हंगाम नव्हता. तेव्हा स्कोन येथील राजवाड्यात, दिवाणखान्याच्या चकचकीत लाकडी जमिनीवर दगड घसरवून तो दाखविण्यात आला. पुढच्याच वर्षी त्या संस्थेस ‘रॉयल’ हे बिरुद मिळाले. खुद्द या खेळाच्या मायभूमीतही बर्फावाचून अडले होते आणि तेथेही पर्याय शोधावा लागला होता, ही गोष्ट उष्ण देशातील माणसाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पुढे यंत्राने बर्फ करण्याची विद्या आली आणि तिने सारेच चित्र पालटले. १८३३ साली अमेरिकेतील बोस्टन शहराहून तळ्यांतील बर्फाचे तुकडे जहाजात भरून कलकत्त्यास आणण्यात आले आणि लवकरच मुंबईसही तसे बर्फ येऊ लागले. पुढे बर्फाचे कारखाने येथेच निघाल्यावर तो व्यापार बंद पडला. याच विद्येच्या बळावर १८७६ साली लंडनमध्ये यंत्राने गोठविलेले बर्फाचे मैदान तयार झाले. तेव्हापासून बर्फाच्या खेळांचा आणि हवामानाचा संबंध हळूहळू सुटत गेला. कर्लिंग १९२४ साली शामोनी येथे पहिल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये खेळले गेले आणि १९९८ साली जपानमधील नागानो येथे त्यास ऑलिंपिकमध्ये कायमचे स्थान मिळाले. आज कर्लिंगची मोठी स्पर्धा छपराखाली, यंत्राने राखलेल्या बर्फावर होते. बाहेर हिमवर्षाव होतो की लू वाहते, याच्याशी त्या बर्फाला कर्तव्य नसते. प्रश्न उरतो तो इतकाच की, हे यंत्र चालविण्याचा खर्च कोणी करावयाचा.

या खर्चाला ज्यांनी वळसा घातला, त्यांच्या दोन वाटा इतिहासात दिसतात. पहिली वाट स्थलांतराची. २०२५ सालच्या फेब्रुवारीत चीनमधील हार्बिन येथे आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या. त्यांत पुरुषांच्या कर्लिंगचे सुवर्णपदक फिलिपाइन्सने मिळविले. अंतिम सामन्यात त्यांनी दक्षिण कोरियाचा ५–३ असा पराभव केला. नारळाच्या झाडांच्या त्या देशाला या स्पर्धांत तोवर एकही पदक मिळाले नव्हते. विजयी संघातील खेळाडू वंशाने फिलिपिनो, पण स्वित्झर्लंडमध्ये राहणारे होते. बर्फ त्यांच्या देशात आले नव्हते. त्यांची कुटुंबे बर्फाच्या देशात गेली होती. खेळ त्यांनी तेथे आत्मसात केला आणि त्याचे फळ मातृभूमीच्या पदरात टाकले.

दुसरी वाट जुगाडाची आणि जिद्दीची. ती भारतीय तरुणाने चोखाळली. मनालीच्या शिव केशवन याने बर्फाच्या नळीतून घसरगाडीवर पाठीवर निजून उतरण्याचा ल्यूज नावाचा खेळ पत्करला. १९९८ साली नागानो ऑलिंपिकमध्ये तो उतरला तेव्हा त्याचे वय अवघे सोळा वर्षांचे होते, आणि गाडीही उसनी होती. देशात या खेळाची धावपट्टी नव्हती. मनालीला बर्फ पडते हे खरे. परंतु पडलेले बर्फ आणि बांधलेली धावपट्टी यांत मोठे अंतर आहे. म्हणून त्याने गाडीला चाके लाविली आणि हिमालयातील घाटरस्त्यांवर, मोटारी व गुरे चुकवीत, सराव केला. २०१८ पर्यंत तो सहा ऑलिंपिकमध्ये उतरला आणि २०११ साली त्याने आशियाई सुवर्णपदकही मिळविले.

परंतु ज्या मैदानावर स्पर्धा व्हावयाची ते मैदानच आपल्या गावी नसणे, ही अडचण काही बर्फाच्या खेळापुरती नाही. मराठी मुलखाने ती फार पूर्वी अनुभविली आहे. कराडजवळच्या गोळेश्वर गावात १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेले खाशाबा जाधव तांबड्या मातीच्या आखाड्यात वाढले. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा त्यांना मातीऐवजी गादीवर कुस्ती करावी लागली. पाय रोवण्याची सवय मातीची, नियम परके. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. गादीवरील कुस्ती हा वेगळाच अभ्यास आहे हे ओळखून पुढील चार वर्षे त्यांनी कसून मेहनत केली. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा अपुरा पडला, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी जमविली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्या दिवशी जपानच्या इशीशी दीर्घ झुंज झाल्यावर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभे राहावे लागले. त्यांची बाजू मांडण्यास भारताचा अधिकारी तेथे उपस्थित नव्हता. भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळावयास १९९६ साल उजाडावे लागले.

खाशाबांची गादी आणि कर्लिंगच्या खेळाडूचे बर्फ यांचे दुखणे एकच आहे. हवामान हे त्याचे खरे कारण नव्हे. अंगात बळ आणि मनात ईर्षा असलेला तरुण कोणत्याही गावात जन्मतो; पण पायाखालची जमीन त्याला एकट्याने निर्माण करता येत नाही. ती समाजाने निर्माण करावयाची असते. निर्माण केल्यावर ती राखावीही लागते, हे डेहराडूनच्या उदाहरणावरून कळते. तेथे २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी छपराखालील बर्फाचे मैदान बांधण्यात आले. स्पर्धा आटोपल्या आणि ते दीर्घकाळ बंद पडून राहिले. त्या अवधीत किती मुलांची उमेदीची वर्षे निघून गेली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. २०२५ साली तेथे पुन्हा आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, ही समाधानाची गोष्ट होय.

फिलिपिनो खेळाडूंची कुटुंबे परदेशी गेली, केशवनने गाडीला चाके लाविली, खाशाबांसाठी एका शिक्षकाने घर गहाण टाकले. तिन्ही कथा अभिमानाच्या आहेत यात संशय नाही. परंतु एखाद्या मुलाच्या खेळासाठी शिक्षकाला आपले घर गहाण टाकावे लागणे, हे त्या शिक्षकाचे भूषण असले तरी समाजाचे नव्हे. केळीच्या बागांतून शाळेला जाणाऱ्या मुलास उद्या बर्फावरचा दगड ढकलावासा वाटला, तर त्याच्या वाटेवर सूर्य फारसा आडवा येणार नाही. त्याच्यासाठी मैदान बांधावयाचे की नाही, आणि बांधलेले उघडे ठेवावयाचे की नाही, एवढेच वडीलधाऱ्यांनी ठरवावयाचे आहे.