घरच्या घरी कॉकटेल : पाच जिनसा आणि एक माप

पुणे : प्रतिनिधी

घरी चार मित्र जमले, की मद्याची बाटली निघते, कोणी तरी शीतपेय आणते, बर्फ येतो आणि अंदाजपंचे पेले भरले जातात. अलीकडे मात्र शहरात कॉकटेल, म्हणजे मिश्र मद्यपेये, घरी तयार करण्याकडे आणि मद्याची चव जाणून घेण्याकडे कल वाढला आहे. या दोन्ही गोष्टींचा पाया एकच आहे, तो म्हणजे माप. चव ओळखण्यासाठी ते लागते, मिश्रण जमण्यासाठी लागते आणि आपण नेमके किती प्यायलो हे कळण्यासाठी तर त्याला पर्यायच नाही. मद्य न पिणे हेच आरोग्यास सर्वांत हितकारक, हे प्रारंभीच नमूद करून, जे पितात त्यांच्यासाठी ही माहिती.

शब्द आपला, पेय जगाचे

मिश्र पेयांची परंपरा पाश्चात्त्यांनी आपल्याकडे आणली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. जगभर प्रसिद्ध असलेल्या ‘पंच’ या पेयाचा इंग्रजीतील पहिला ज्ञात उल्लेख ईस्ट इंडिया कंपनीच्या एका माणसाने १६३२ मध्ये हिंदुस्थानातून लिहिलेल्या पत्रात सापडतो. कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर शिवकालात या भागात वावरत होता. १६७५ च्या सुमारास तो जुन्नरलाही येऊन गेला. त्याचे प्रवासवर्णन १६९८ मध्ये प्रसिद्ध झाले. गोव्यातील नेरूल येथे उत्तम अरक तयार होतो, त्यापासून इंग्रज लोक एक पेय करतात आणि त्यात पाच जिनसा असल्याने एतद्देशीय भाषेतील पाच या संख्येवरून त्याला नाव मिळाले, असे त्याने नोंदविले आहे. लाकडी पिंपाच्या इंग्रजी नावावरून हा शब्द आला असावा, असेही काही कोशकार मानतात; पण पाच या संख्येशी जोडलेली व्युत्पत्तीच अधिक प्रचलित आहे.

अरक, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला या त्या पाच जिनसा. तीव्र, गोड, आंबट, सौम्य आणि सुगंधी अशा पाच गुणांचा तो समतोल होय. ‘कॉकटेल’ शब्दाची छापील व्याख्या न्यूयॉर्क प्रांतातील एका वृत्तपत्राने १८०६ मध्ये दिली. तिच्यात मद्य, साखर, पाणी आणि कडवट अर्क हे चार घटक होते. आजची बहुतेक मिश्रणे या दोन जुन्या सूत्रांचीच रूपे आहेत.

बाटलीत काय असते?

धान्य, फळ किंवा साखर आंबवून मिळालेल्या द्रवाचे ऊर्ध्वपातन केले, की तीव्र मद्य तयार होते. त्याची ओळख कच्च्या मालावर आणि नंतरच्या संस्कारांवर ठरते.

व्हिस्की : मूळ व्याख्येनुसार धान्यापासून केलेले आणि लाकडी पिंपात मुरविलेले मद्य. भारतात या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक स्वस्त बाटल्यांचा मुख्य घटक मात्र साखर कारखान्यातील मळीपासून केलेला मद्यार्क असतो. म्हणूनच युरोपीय संघात अशा मद्याला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. केवळ माल्टपासून केलेली भारतीय व्हिस्कीही आता नावारूपाला आली आहे. बेंगळुरूच्या ‘अमृत’ने आपली सिंगल माल्ट २००४ मध्ये थेट ग्लासगो येथे बाजारात आणली. आपल्या उष्ण हवेत पिंपातील मद्य झपाट्याने मुरते, पण उडूनही जाते. स्कॉटलंडमध्ये ही घट वर्षाला सुमारे दोन टक्के असते, तर आपल्याकडे ती दहा टक्क्यांच्या आसपास जाते.

रम : उसाचा रस किंवा मळी यांपासून. पश्चिम महाराष्ट्राच्या ऊस पट्ट्याला हा कच्चा माल परका नाही.

ब्रँडी : द्राक्षे वा अन्य फळांच्या वाइनपासून.

व्होडका : शक्यतो निर्गंध असा शुद्ध मद्यार्क.

जिन : त्याच मद्यार्काला जुनिपरची फळे, धने, लिंबूवर्गीय फळांच्या साली यांचा सुगंध दिलेला असतो.

फेणी : काजूच्या बोंडांचा किंवा माडाच्या ताडीचा अर्क. काजूच्या रसाचे पहिले ऊर्ध्वपातन म्हणजे सौम्य हुर्राक. त्यापुढील ऊर्ध्वपातनातून फेणी मिळते. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला.

लेबल वाचायला शिका

भारतीय बाटल्यांवर बहुधा ‘४२.८ टक्के’ असा आकडा असतो. तो विचित्र वाटतो, पण त्यामागे जुनी ब्रिटिश मापनपद्धती आहे. त्या पद्धतीत सुमारे ५७.१ टक्के मद्यार्क म्हणजे शंभर अंश ‘प्रूफ’. त्यापेक्षा पंचवीस अंश कमी, म्हणजे पंचाहत्तर अंश प्रूफ, हे प्रमाण बरोबर ४२.८ टक्के येते.

आता साधा हिशेब करू. अशा मद्याचा ३० मिलिलिटरचा एक छोटा पेग म्हणजे सुमारे १२.८ मिलिलिटर, वजनात सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क. ६० मिलिलिटरचा मोठा पेग म्हणजे २० ग्रॅम. साडेबारा टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलिलिटरचा पेला सुमारे १५ ग्रॅमचा. आठ टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’ बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली ४१ ग्रॅमची, म्हणजेच चार छोट्या पेगांच्या बरोबरीची. ‘फक्त एक बिअर घेतली’ या वाक्याचा खरा अर्थ या आकड्यांतून कळतो. शरीर मद्यार्काचा निचरा ताशी साधारण सात ते दहा ग्रॅम या वेगाने करते. कॉफी, ताक वा थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही.

चव कशी घ्यावी?

चव घेणे आणि पिणे या भिन्न क्रिया आहेत. एका बैठकीत तीनपेक्षा अधिक नमुने घेऊ नयेत आणि प्रत्येक नमुना १० ते १५ मिलिलिटरचाच असावा. तोंडाकडे निमुळता होणारा लहान पेला उत्तम. त्यात गंध कोंडून राहतो. सौम्य मद्य आधी, तीव्र आणि धुरकट मद्य शेवटी, हा क्रम पाळावा. बर्फ टाळावा, कारण थंडीने गंध दबतो.

प्रथम रंग पाहावा, पण त्यावर विसंबू नये. अनेक मद्यांत रंगासाठी जळक्या साखरेचा अर्क घातलेला असतो. नंतर पेला नाकापासून थोडा दूर धरून, ओठ किंचित विलग ठेवून वास घ्यावा. नाक थेट पेल्यात घातल्यास केवळ मद्यार्काची जळजळ जाणवते. मग लहानसा घोट जिभेवर फिरवावा आणि गिळल्यावर, किंवा थुंकून टाकल्यावर, मागे काय उरते याकडे लक्ष द्यावे. व्यावसायिक परीक्षक थुंकून टाकतात. त्यात अशिष्ट काही नाही.

दुसऱ्या फेरीत थेंब-थेंब पाणी घालून पाहावे. व्हिस्कीला धुरकट चव देणारा ग्वायकॉल हा घटक मद्य पातळ केल्यावर पृष्ठभागाकडे सरकतो, असे स्वीडनमधील संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय अभ्यासातून दाखविले. चव घेताना झणझणीत चखणा, चिवडा किंवा पान बाजूला ठेवावे. साधे पाणी आणि फुटाणे पुरेत. नोंद मात्र आपल्या अनुभवाच्या भाषेत करावी. ‘काकवीसारखा’, ‘भाजलेल्या धन्यासारखा’, ‘पिकलेल्या काजूच्या बोंडासारखा’ हे शब्द परदेशी फळांच्या उसन्या नावांपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

स्वयंपाकघरातील साहित्य

महागड्या उपकरणांची गरज नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घुसळण्यास चालतो, चहाची गाळणी गाळण्यास. पेग मोजण्याचे माप नसेल तर पाच मिलिलिटरचा आणि पंधरा मिलिलिटरचा मोजमापाचा चमचा घ्यावा. समभाग साखर आणि पाणी गरम करून केलेला साधा पाक आठवडाभर फ्रीजमध्ये टिकतो. लिंबाचा रस ताजाच हवा. एका कागदी लिंबातून साधारण १५ ते २० मिलिलिटर मिळतो. बर्फाचे खडे मोठे असावेत, लहान खडे लवकर वितळून पेय पाणचट करतात. सोड्याबाबत पुणेकर भाग्यवान आहेत. लष्कर भागातील अर्देशीर यांच्या सोड्याची परंपरा १८८४ पासूनची आहे.

एक नियम लक्षात ठेवावा. लिंबाचा रस असेल तर मिश्रण घुसळावे, केवळ मद्य आणि पाक असेल तर चमच्याने ढवळावे.

चार सोप्या कृती

पंच (सहा जणांसाठी) : रम १८० मिलिलिटर, लिंबाचा रस ९०, पाक ९०, कोरा थंड चहा ४५० मिलिलिटर. वर किसलेले जायफळ. बर्फ घालण्यापूर्वी प्रत्येकी १३५ मिलिलिटर वाढावे. प्रत्येकाच्या वाट्याला एक छोटा पेग येतो.

रम-लिंबू : पांढरी रम ४५ मिलिलिटर, लिंबाचा रस २०, पाक १५ ते २०. बर्फासह दहा-बारा सेकंद घुसळून गाळावे. ‘डायकिरी’ म्हणतात ते हेच.

कोकम-जिन : जिन ३० मिलिलिटर, अमृत कोकम २०, लिंबाचा रस ५, सोडा १२०. चिमूटभर जिरेपूड. येथे गोड अमृत कोकमच घ्यावे; आगळ खारट असते.

ओल्ड फॅशन्ड : व्हिस्की ४५ मिलिलिटर, पाक ५, कडवट अर्काचे म्हणजे बिटर्सचे दोन-तीन थेंब. बर्फावर अर्धा मिनिट ढवळून संत्र्याची साल पिळावी.

पंच आणि कोकमाचे पेय मद्य वगळूनही तितकेच चविष्ट होते. यजमानाने ते आवर्जून वेगळे तयार ठेवावे. न पिणाऱ्या पाहुण्याच्या हाती साध्या पाण्याचा पेला देणे हे आतिथ्य नव्हे.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी किमान वय २१, तर तीव्र मद्यासाठी २५ वर्षे आहे. मद्य बाळगण्यास आणि पिण्यास परवाना लागतो. राज्य उत्पादन शुल्क विभागातर्फे एक दिवसाचा, वार्षिक आणि आजीवन परवाना मिळतो. गोव्याहून परतताना ‘तिकडे स्वस्त’ म्हणून विनापरवाना बाटल्या आणणे हा गुन्हा आहे. घरी मद्य गाळणेही बेकायदा असून ते धोक्याचे आहे. विषारी मिथेनॉल चवीवरून किंवा वासावरून खात्रीने ओळखता येत नाही. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. म्हणून बाटली परवानाधारक दुकानातूनच, सीलबंद आणि लेबल तपासून घ्यावी.

मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालविणे हा गुन्हा असून पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सुमारे ७० किलो वजनाच्या पुरुषाने रिकाम्या पोटी एक मोठा पेग झटपट घेतला, तरी ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. वजन कमी असेल तर त्याहूनही लवकर. १९ मे २०२४ रोजी पहाटे कल्याणीनगर येथे भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला. अल्पवयीन चालक त्यापूर्वी मद्य प्यायला होता, असे पोलिसांचे म्हणणे आहे. या घटनेनंतर पुण्यात तरी हा विषय केवळ दंडाचा राहिलेला नाही.

हे ध्यानात ठेवा

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच निश्चित कर्ककारक ठरविले. मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्णतः सुरक्षित म्हणता येत नाही, अशी भूमिका संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मांडली. गर्भवतींनी मद्य वर्ज्य करावे. झोपेच्या गोळ्या, मधुमेहावरील औषधे किंवा प्रतिजैविके घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याखेरीज ते घेऊ नये. मद्यात ऊर्जापेये मिसळू नयेत. त्यांतील कॅफिनमुळे नशा चढल्याचे लवकर जाणवत नाही.

गोडी आणि आंबटपणा मद्याची तीव्रता झाकतात. चांगल्या कॉकटेलचे कौशल्य यातच आहे आणि त्याचा धोकाही यातच. त्यामुळे पेला भरताना मोजावे आणि कितवा पेला हेही मोजावे. बैठकीला सुरुवात करण्यापूर्वीच कोण किती घेणार आणि घरी कसे जाणार, हे ठरवून ठेवावे. रात्री उशिरा रिक्षा मिळण्याची शाश्वती नसेल, तर पाहुण्यांसाठी एक जादा गादी आधीच घालून ठेवलेली बरी.