जुन्या बोटीचा सौदा

सोलापूरच्या माणसाला पाणी दिसलं की आधी हंडा आठवतो, बोट नाही. समुद्र आमच्यापासून तीनशेवर किलोमीटर दूर, आणि मधे सह्याद्री आडवा. गावातलं मानाचं पाणी म्हणजे सिद्धेश्वराचं तळं. त्यात पाय धुवावेत, हात जोडावेत आणि घरी जावं. अशा या गावात जन्मलेल्या एका माणसाने १९१९ साली जवळजवळ सहा हजार टनांची जुनी आगबोट विकत घेतली, असं मी बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगतो, तेव्हा कडक भाकरीचा तुकडा त्यांच्या दाढेखालीच थांबतो. चादर म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता.

माणूस म्हणजे वालचंद हिराचंद. जन्म १८८२, सोलापूर. घराणं गुजरातेतून येऊन इथे स्थिरावलेल्या जैन व्यापाऱ्यांचं. वडील शेठ हिराचंद नेमचंद यांचं नाव गावातल्या वाणिज्य महाविद्यालयाला आहे, त्यामुळे जमाखर्चाचं आणि या घराण्याचं नातं आम्हा बी.कॉम. मंडळींना विशेष. पण वालचंदांनी पेढीवर बसून व्याज मोजण्यापेक्षा कंत्राटदारी पत्करली. भागीदार कोण घेतला? लक्ष्मणराव बळवंत फाटक, रेल्वेतले माजी कारकून! हे वाक्य मी बँकेत मुद्दाम मोठ्याने म्हणतो. दोघांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरुवात केली आणि फाटक-वालचंद हे नाव पुढे मोठमोठ्या कामांवर झळकलं. कारकून योग्य वेळी टेबल सोडतो तेव्हा काय होतं, याचं हे उदाहरण. मी अजून टेबल धरून आहे, ते योग्य वेळ यायची आहे म्हणून.

आता बोटीकडे वळू. सांगतात ते असं, की वालचंद दिल्लीहून मुंबईला गाडीने येत होते आणि डब्यातल्या एका इंग्रजाकडून त्यांना कळलं की मुंबईत एक बोट विकायला आहे. आपल्यालाही रेल्वेत माणसं भेटतात. ती आपल्याला मूळव्याधीवरचं औषध सांगतात. वालचंदांना बोट सांगितली गेली आणि ते मुंबईला उतरल्यावर थेट तिच्या मागे लागले.

जुनी वस्तू घेण्याचं मध्यमवर्गाचं एक पक्कं शास्त्र आहे. नव्या स्कूटरला वर्षानुवर्षं नंबर लागत नसे त्या काळात ते तयार झालं. बरोबर एक 'जाणकार' न्यायचा. तो टायरला लाथ मारतो, इंजिनाला कान लावतो आणि 'हं' म्हणतो. मग पाच प्रश्न विचारायचे. गाडी किती सालची? कुठे ठोकलेली नाही ना? आधी किती जणांनी वापरली? ॲव्हरेज काय देते? आणि शेवटचा, आवाज खाली आणून: विकताय का? या पाच प्रश्नांवर त्या बोटीला घासून पाहू.

किती सालची? १८९० साली इंग्लंडमध्ये बॅरो इथे पाण्यात सोडलेली. मूळ नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. मालक कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे कंपनी, काम पॅसिफिक महासागरावर कॅनडा ते जपान-चीन अशी टपालाची आणि उतारूंची ने-आण. लांबी साडेचारशे फुटांवर, दोन धुराडी, तीन डोलकाठ्या, पांढराशुभ्र रंग. वरच्या वर्गाची शंभरावर माणसं आणि खालच्या वर्गाची सुमारे सहाशे मावत. थोडक्यात, ऐन तारुण्यात ती देखणी असणार. पण १९१९ साली ती अठ्ठावीस वर्षांची होती. बोटीच्या जातीत हे वय म्हणजे पेन्शनीत निघण्याचं.

कुठे ठोकलेली? होय. १९०३ साली तिची एका चिनी युद्धनौकेशी टक्कर झाली. त्यात बुडाली ती युद्धनौका. आमच्या जाणकाराने इथे 'बॉडी मजबूत आहे' असा शेरा मारला असता.

आधी किती जणांनी वापरली? १९१४ साली, पहिलं महायुद्ध पेटल्यावर, ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतली आणि जखमी सैनिकांसाठी तरतं इस्पितळ केली. तेव्हा तिला नवं नाव मिळालं, 'लॉयल्टी'. म्हणजे निष्ठा. कोणावरची, ते सांगायला नको. वालचंद हे तिचे तिसरे मालक.

विकताय का, याचं उत्तरही सरळ होतं. लढाई संपली, जखमी घरी गेले, महाराजांना इस्पितळी बोटीचं काय काम?

राहिला ॲव्हरेजचा प्रश्न, आणि इथेच जुन्या बोटीच्या सौद्यात भलेभले पाण्यात जातात. रंग दिसतो, केबिनी दिसतात, जेवणघरातलं नक्षीकाम दिसतं. कोळसा दिसत नाही. ही बोट टपालाच्या घाईसाठी बांधलेली. घाईला वेग हवा, वेगाला कोळसा हवा. पहिल्या मालकाला ते परवडत होतं, कारण टपाल नेण्याबद्दल सरकारी मदत मिळत होती. ती मदत बोटीबरोबर विकत मिळत नाही. शिवाय उतारूंच्या बोटीत माणसं राहायला जागा फार आणि माल भरायला थोडी. पैसा तर मालात. कर्ज खात्यात हे प्रकरण आलं असतं, तर मी लाल शाईने लिहिलं असतं: 'वाहन जुने, इंधन अधिक, उत्पन्न अनिश्चित. शिफारस नाही.' आणि कागदावर ते बरोबरच ठरलं असतं.

मग बाजारात चतुर म्हणून नाव असलेल्या माणसाने ती घेतली का?

पहिलं कारण साधं आहे. नवी मिळत नव्हती. जर्मन पाणबुड्यांनी चार वर्षांत बोटीच बोटी बुडवल्या होत्या. जगात माल पडून होता आणि वाहायला साधन नव्हतं. अशा वेळी दुकानात जे असेल ते घ्यावं लागतं.

दुसरं कारण जड आहे. हिंदुस्थानचा कापूस, तांदूळ, माणसं, सगळं इंग्रजी कंपन्यांच्या बोटींतून जायचं. भाडं ते ठरवणार, जागा कोणाला द्यायची ते ठरवणार. मधे कोणी शिरू पाहिलं तर त्याचं काय होतं, याचा ताजा नमुना डोळ्यांपुढे होता. तुतिकोरीनच्या व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळे यांनी १९०६ साली स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. आधी बोटी भाड्याने घेतल्या. दडपण आलं, बोटी काढून घेतल्या गेल्या. मग त्यांनी वर्गणी जमवून 'गॅलिया' आणि 'लाव्हो' अशा दोन बोटी स्वतःच्या आणल्या. गोऱ्या कंपनीने तिकीट उतरवलं, पुढे फुकट केलं, आणि वर उतारूला एक छत्रीही देऊ लागली, असं सांगतात. फुकटाबरोबर छत्री मिळत असताना स्वदेशीचं तिकीट काढणारा माणूस केवढ्या काळजाचा असला पाहिजे! १९०८ साली पिळ्ळ्यांना राजद्रोहाखाली पकडलं आणि कोइमतूरच्या तुरुंगात बैलाच्या जागी तेलाच्या घाण्याला जुंपलं. कंपनी बुडाली, बोटी विकल्या गेल्या. इथे माझी लाल शाई मी जरा बाजूला ठेवतो.

हे सगळं झाल्यावर अवघ्या अकरा वर्षांनी वालचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास या मंडळींनी ती जुनी 'लॉयल्टी' घेतली. मार्च १९१९ मध्ये कंपनी उभी राहिली. नाव दिलं सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन, शिंद्यांच्या बोटीवरून. म्हणजे बोटही वापरलेली आणि नावही वापरलेलं. आमच्याकडे जुनं घर घेतल्यावर दारावरची पाटी तीच ठेवतात, त्यातलाच हा प्रकार.

५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. दुसऱ्या दिवशी, ६ एप्रिलला, रौलट कायद्याविरुद्ध मुंबईत हरताळ होता. पुढच्या आठवड्यात जालियनवाला बाग घडली. आणि त्याच दिवसांत देशी मालकीची एक म्हातारी बोट, पोटावर इंग्रजी अक्षरांत 'निष्ठा' असं लिहून, इंग्रजांची मक्तेदारी मोडायला इंग्रजांच्याच राजधानीला चालली होती. साहेबाला हा विनोद कळला की नाही, कोण जाणे. नाव बदलायचा खर्च वाचवला असेल तर तोही शुद्ध व्यापारी विचार.

हिशेब मात्र लाल शाईच्याच बाजूने लागला. बोटीने पैसा मिळवून दिला नाही, आणि १९२३ साली ती मुंबईतच मोडीत निघाली. चार वर्षांत भंगार! सोलापुरात एवढ्यावर माणसाला जन्मभर टोमणे ऐकावे लागतात. 'शेट, बोटीचं काय झालं हो?' असं पानाच्या ठेल्यावरसुद्धा विचारतात.

पण कंपनी उरली. गोऱ्या कंपन्यांनी रंगूनच्या तांदळाचं भाडं पार खाली पाडून तिला उपाशी मारायचा घाट घातला, तरी ती मेली नाही. शेवटी १९२३ सालीच लॉर्ड इंचकेपना तिच्याशी दहा वर्षांचा करार करावा लागला. करार काही सुखाचा नव्हता. फक्त किनाऱ्यावरची वाहतूक करायची, अमुक टनांपुढे वाढायचं नाही, परदेशाचं नाव काढायचं नाही. घरात घेतलं, पण ओटीपर्यंतच. तरी काल ज्याला छत्री देऊन घालवलं असतं, त्याच्यापुढे आज साहेब सही करत होता.

ओटीवर बसलेल्या पाहुण्याने पुढे स्वतःचं घर बांधायला काढलं. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते विशाखापट्टणमला जहाज बांधण्याच्या कारखान्याची कोनशिला बसली. १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी तिथे बांधलेली 'जलउषा' पाण्यात सोडली. कोरी करकरीत. आधीचा मालक नाही, ठोकलेली नाही, नाव आपलं, भाषा आपली. १९५३ साली वालचंद गेले, पण हे बघून गेले.

घसारा कसा काढायचा, हे वाणिज्य शाखेत आम्हाला घोटून शिकवतात. दरवर्षी किंमत इतकी-इतकी कमी करत जायची आणि शेवटी भंगाराच्या किमतीला खातं बंद करायचं. 'लॉयल्टी'चं खातं या रीतीने १९२३ सालीच बंद झालं. पण १९६४ सालापासून देशभर ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतात, तो त्याच भंगारात गेलेल्या बोटीच्या नावाने. दरवर्षी जमेला पडणारी ही रक्कम कोणत्या खात्यात टाकायची, हे मी आमच्या हेड कॅशियरना विचारलं. ते म्हणाले, "सस्पेन्समध्ये टाका, ऑडिटर आला की बघू."