सातबाऱ्यावरची नावे

मंडळी, आमच्या महाड-पोलादपूरकडे पूर्वी अनेक गावांत जमीन कोणाची विचारले तर उत्तर एकच असे, खोताची. खोत सरकारात सारा भरायचा आणि कुळाकडून पिकाचा मोठा वाटा घ्यायचा. नांगर कुळाचा, कष्ट कुळाचे, पण कागदावर नाव नाही.

याविरुद्ध अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून शेतकऱ्यांनी संप केला. तो सहा वर्षे चालला. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ पासून कुळकायद्याने कसणारा मालक ठरला.

पण डोंगरउतारावरच्या चार खाचरांवर घर चालत नाही. मुलगे आधीपासूनच मुंबईच्या गिरण्यांत होते. मनीऑर्डर तिकडून यायची, भात-नाचणी इकडे बायका पिकवायच्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्या हळूहळू संपल्या, तरी चाकरमानी बहुतेक मुंबईतच राहिले.

आता एकेका सातबाऱ्यावर काका, आत्या, चुलतभाऊ मिळून वीस-वीस नावे असतात आणि बांधावर कोणीच नसते. मग एखादा आपला हिस्सा परस्पर दलालाला देतो आणि बाकीच्यांच्या मागे कोर्टकचेरी लागते.

गणपतीला सगळे गावी येतातच. आरतीनंतर तासभर एकत्र बसा, बहिणींनाही बोलवा, वाटण्या लिहून घ्या. ज्याला कसायची आहे त्याला कसू द्या. एवढे नाव चढवायला आपल्या आजोबा-पणजोबांची उमर गेली आहे.