पाइस हॉटेलातील पान आणि संगणकातील शर्यत

कोलकात्यातील कष्टकऱ्यांना एकेकाळी पाइस हॉटेलांचा मोठा आधार होता. ठरावीक आणि अगदी स्वस्त दरात तेथे जेवण मिळे. दुपारच्या सुट्टीत मजूर पायी चालत एखादी खानावळ गाठीत. तेथे गर्दी असली, तर दुसरीकडे जाण्याइतका वेळ हाती नसे. कामावर वेळेत परतायचे, तर उपाशीच परतावे लागे. त्याच वेळी शेजारच्या गल्लीत एखादे पान रिकामे राहिलेले असे. यात दोष कोणाचाच नव्हता. त्याच क्षणी इतर काय ठरवीत आहेत, हे कोणालाच ठाऊक नव्हते, एवढेच.

कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूट ऑफ न्यूक्लिअर फिजिक्समधील भौतिकशास्त्रज्ञ बिकास चक्रवर्ती यांनी 2007 मध्ये या अनुभवाला गणिताचे रूप दिले. सहकाऱ्यांसह त्यांनी लिहिलेला शोधनिबंध 2009 मध्ये ‘फिजिका ए’ या नियतकालिकात आला आणि ‘कोलकाता पाइस रेस्टॉरंट’ हे नाव रूढ झाले. खानावळी जितक्या, तितकेच मजूर. प्रत्येक खानावळीत एकालाच जेवण. आणि सर्वांनी एकाच वेळी, एकमेकांना न विचारता निवड करायची. प्रत्येकाने डोळे मिटून निवड केली, तर सुमारे 63 टक्के लोक जेवतात आणि सुमारे 37 टक्के खानावळी रिकाम्या राहतात. सर्वांनी ‘सर्वोत्तम’ खानावळच निवडली, तर जेवतो फक्त एक. तर्क सर्वांचा सारखा आणि बिनचूक असला, की फजितीही सर्वांची सारखीच होते.

संगणकशास्त्रात या कुळातील पेचाला ‘रेस कंडिशन’ म्हणतात. डेव्हिड हफमन यांनी 1954 मध्ये स्विचिंग मंडलांचा अभ्यास करताना या शर्यतीचा विचार केला होता: दोन रिले एकाच वेळी बदलू लागले, तर आधी कोण बदलतो यावर मंडलाची पुढची अवस्था ठरू शकते. 1965 मध्ये एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी सामायिक साधन एका वेळी एकाच प्रक्रियेच्या हाती कसे राहील, याची सिद्धता दिली. तरीही हा दोष जिवावर बेतला. ‘थेराक-25’ या किरणोपचार यंत्रामुळे 1985 ते 1987 या काळात सहा रुग्णांना किरणांची प्रचंड मात्रा मिळाली आणि काहींचा त्यात मृत्यू झाला. त्यातील एक दोष तंत्रज्ञ सरावाने भराभर टंकलेखन करू लागल्यावरच प्रकट होत असे. सावकाश चालणाऱ्या हाताखाली तेच यंत्र निर्दोष दिसे.

ब्लॉकचेनचे प्रयोजनच मुळी ‘आधी कोण’ हा प्रश्न सोडवण्याचे. 2008 मध्ये सातोशी नाकामोतो या नावाने आलेल्या लेखात, एकच नाणे दोनदा खर्च होऊ नये म्हणून व्यवहारांचा सर्वमान्य क्रम लावण्याची रीत मांडली होती. पण साखळीच्या आत क्रम लागला, तरी दाराबाहेर उभ्या असलेल्या क्लायंट-प्रणालीची शर्यत संपत नाही. इथेरियममध्ये खात्यातून जाणाऱ्या प्रत्येक व्यवहाराला ‘नॉन्स’ हा अनुक्रमांक असतो. एकाच खात्याचे दोन कार्यक्रम एकाच वेळी ‘पुढचा क्रमांक कोणता?’ असे विचारतात, दोघांनाही 7 हे उत्तर मिळते, दोघेही व्यवहार पाठवतात आणि साखळीत एकच नोंदला जातो. दुसरा मजूर दारातून परत फिरतो.

व्यवहार नोंदला गेला का, हे क्लायंट पुन्हा पुन्हा विचारतो; याला ‘पोलिंग’ म्हणतात. सप्टेंबर 2022 पासून इथेरियममध्ये नव्या ब्लॉकसाठी दर 12 सेकंदांनी संधी असते. शिल्लक विचारणे आणि पावती विचारणे यांच्या मध्येच नवा ब्लॉक आला, तर दोन उत्तरे दोन वेगळ्या क्षणांची ठरतात. म्हणून दोन्ही प्रश्न एकाच ब्लॉक-क्रमांकाला बांधून विचारावेत. चाचणी लिहिणारे ‘15 सेकंद थांब आणि मग तपास’ असे लिहितात, तेव्हा ती चाचणी आज उत्तीर्ण होते आणि उद्या, संधी हुकली किंवा जाळे मंदावले की, नापास. थांबायचे ते घड्याळासाठी नव्हे, घटनेसाठी. मात्र त्या प्रतीक्षेलाही कमाल मर्यादा हवी. त्याहून उत्तम म्हणजे चाचणीपुरती साखळी स्वतःच्या ताब्यात ठेवून आज्ञेनुसारच ब्लॉक निर्माण करणे. मग प्रतिकूल क्रमही मुद्दाम घडवून पाहता येतो. थेराकच्या चाचणीत नेमके हेच राहून गेले होते.

कोलकात्याच्या गणितात या उपायांची बीजे आढळतात. कोणीतरी सर्वांना क्रमाने जागा नेमून दिल्या, तर एकही पान रिकामे राहत नाही. नॉन्स वाटणारी एकच रांग ठेवणे म्हणजे हेच. असा नियंता नसेल, तर काल जेथे जितकी गर्दी होती तितक्या प्रमाणात तेथे परतण्याची शक्यता कमी करायची आणि एरवी यदृच्छेने दुसरीकडे जायचे. एवढ्या साध्या नियमाने जेवणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 80 टक्क्यांपर्यंत जाते. अपयशानंतर यादृच्छिक काळ थांबून पुन्हा विचारणाऱ्या संगणकांचा शहाणपणा याच जातीचा आहे.

उरलेले 20 टक्के मात्र उपाशीच राहतात. म्हणून ज्या प्रणालीत कोणाचे पैसे किंवा प्राण गुंतलेले असतात, तेथे ‘बहुधा जागा मिळेल’ या भरवशावर दार ठोठावून चालत नाही.