नोव्हा: पलटणीच्या यादीतलं एक नाव

कुमाऊँ रेजिमेंटच्या जुन्या युद्धसन्मानांच्या यादीत नागपूर आणि महिदपूर यांच्या पंगतीला एक नाव आहे: नोव्हा. पहिली दोन सगळ्यांना ठाऊक. तिसऱ्यासाठी सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावच्या माणसाला फार लांब जायला नको. नोव्हा हा आपल्याच मुलखातल्या हटकर सरदाराचा, नोवसाजी नाईकाचा किल्ला.

हटकरांचा दरारा जुना. आईन-ए-अकबरीत वाशीम भागाच्या वर्णनात त्यांची नोंद आहे: मानी, कुणाला न जुमानणारे, जवळ हजार घोडेस्वार आणि पाच हजार पायदळ. बादशाही दरबारच्या लेखणीतून हे उतरलं, म्हणजे डोकेदुखी बरीच असणार. निजामाच्या अमलातही या नाईकांनी मान खाली घातली नाही.

हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने 1813 मध्ये एक ब्रिगेड उभी केली. पगार निजामाचा, हुकूम इंग्रज अंमलदारांचा. पेशवाई बुडाल्यावर या फौजेची नजर नाईकांकडे वळली. जानेवारी 1819 मध्ये मेजर पिटमनने नोव्ह्याला वेढा घातला. आत पाचशेवर शिबंदी, त्यात अरब बरेच. मोर्चे पुढे सरकवत, तोफा डागत तीनेक आठवडे गेले. 31 जानेवारीला हल्ला झाला आणि आतली चारशेहून अधिक माणसं कापली गेली.

आयर्लंडच्या ह्यू ओ'नीलची गोष्ट याच जातकुळीची. जुन्या सरदार घराण्यातला हा माणूस इंग्रजांनी दिलेली टिरोनची अर्लकी, म्हणजे उमरावकी, मिरवत होता. पुढे तो त्यांच्यावरच उलटला, हरला आणि 1607 मध्ये देश सोडून गेला. त्याच्यावर आजही ग्रंथ लिहिले जातात. नोवसाजीच्या वाट्याला ना अर्लकी आली, ना ग्रंथ. त्याच्या किल्ल्याचं नाव तेवढं जिंकणाऱ्यांनी मिरवलं.

रसेलची ब्रिगेड पुढे हैदराबाद कंटिंजंट या फौजेत सामावली. तिची एक छावणी हिंगोलीलाच होती. 1903 मध्ये जुन्या पलटणी 94वी आणि 95वी रसेल्स इन्फंट्री झाल्या, 1922 मध्ये 19वी हैदराबाद रेजिमेंट आली आणि 1945 मध्ये तिचं नाव कुमाऊँ झालं. रसेल गेला, हैदराबादही गेलं, पण नोव्हा यादीत टिकलं.

ज्याने तो किल्ला लढवला, त्याचं नाव मात्र कुठल्याच पलटणीच्या यादीत बसणारं नव्हतं. ते निदान आपल्या जिल्ह्यातल्या शाळांच्या फळ्यावर तरी लिहिलं जावं.